पिशाच्चाचे केस

धाकट्या बहिणीचं लग्न झालं त्या वर्षी चित्रकाराने भुतांच्या गाजलेल्या कॉमिकमधल्या दोन पिशाच्चांचं वेगळं पुस्तक काढायला घेतलं. दोघे पुरुष, एकमेकांवर जीव टाकणारे. एकाला त्याने आपल्या जोडीदाराचा चेहरा दिला. चित्रकाराने पेन्सिलीने काढलेल्या रेघांवर शाई हा जोडीदारच फिरवायचा.

“मुंडकी हवी तितकी उडवा,” संपादक म्हणाले, “पण हे नको. एकाची बाई करा.”

चित्रकाराने त्या चेहऱ्याला लांब केस रेखाटले. जोडीदाराने त्यांवर शाई फिरवली आणि म्हणाला, “लग्नाला नेलं नाहीस. आता तरी घरी ने की, केस वाढलेत माझे.”

चित्रकाराने पुढचं पान ओढलं.

छापलेलं पुस्तक चाळताना बहिणीने विचारलं, “दादा, ही कोण रे?”

“कोणी नाही गं.”

जोडीदार आठ दिवसांपूर्वीच वारला होता.