वाकड्या कण्याची होडी

कप्तानानं होडी टेबलावर उलटी ठेवली, एक डोळा मिटला आणि तिच्या कण्यावर पोलादी पट्टी टेकवली. पट्टी आणि लाकूड यांच्यामधून उंदीर आरामात गेला असता, तोही जेवून आलेला.

"सुईणबाई," तो म्हणाला, "ही होडी नाही, हे केळं आहे."

तळ्याकाठी रांग हसली. स्वतःच्या हातानं घडवलेल्या शिडाच्या होड्या बगलेत धरून उभी असलेली ही सगळी निवृत्त मंडळी, आणि कप्तान त्यांचा पुढारी. कप्तान जन्मात समुद्रावर गेला नव्हता. त्याची सगळी नोकरी वीजबिलाच्या खिडकीमागे झाली. पण मिशी अशी, की तळ्यावरचा वारा सुटण्याआधी तिची परवानगी काढायचा. होड्यांतलं मात्र त्याला कळत होतं, हे त्याच्याशी न बोलणारेही मान्य करत. शर्यतीआधी प्रत्येक होडी तोच तपासायचा. शर्यत साधी होती. या काठावरून होडी सोडायची, मग हात लावायचा नाही, समोरच्या काठाला जी आधी लागेल ती जिंकली.

चूक कुठे झाली तेही त्यानं तिथल्या तिथे सांगितलं. बरगड्यांवर लाकडी पट्ट्या चिकटवायच्या त्या एक डावीकडे, एक उजवीकडे, अशा. बाईंनी डावी बाजू अख्खी उरकली आणि मगच उजवीकडे वळल्या. सरस वाळताना आवळतो. एकाच अंगानं आवळला आणि कणा गेला वाकून. आता सुकाणू कितीही पिरगळा, ही सरळ जायची नाही.

कप्तानाचं सगळं बरोबर होतं. सुईणबाई घडीच्या खुर्चीवर बसून ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या.

शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या बहिणीनं ही संधी साधली. दोघी एकाच घरात राहायच्या, त्यामुळे तिची तक्रार बरीच साचलेली. ताईनं पट्ट्या भिजवायला घरातलं मोठं पातेलं नेलं ते नेलंच. दोरीवरचे सगळे चिमटे होडीला लागले. तेव्हापासून घरचे कपडे वाऱ्यावर, आणि एक चादर तर पोस्टमननं कुठल्या कुठून परत आणून दिली, पत्ता न विचारता. पिठात भुसा. शिडांसाठी हिनं दवाखान्यातला आपला पांढरा एप्रन फाडला, आणि एका शिडाला खिसा तसाच राहिलाय, बघा. रांगेनं बघितलं. खिसा होता.

मग कप्तान जरा मऊ झाला. पट्ट्या मी सोडवून देतो, म्हणाला, इथेच. नवा कणा घाला, दोन वर्षांत पुन्हा उभी राहील. नाहीतर घरी कपाटावर ठेवा, शोभेला छान आहे. पण पाण्यात नको, लोक अख्ख्या मंडळाला हसतील. सोडायचीच असेल तर बाईंनी उद्यापासून दुसरं तळं शोधावं. एवढं बोलून त्यानं खिशातली सुरी उघडली आणि पहिल्या पट्टीच्या फटीला लावली.

सुईणबाईंनी सुरीपुढे तळहात ठेवला. रांगेतल्या निम्म्या लोकांची पोरं याच हातांत पहिल्यांदा रडली होती.

"दोन वर्षं तुमच्याकडे असतील, कप्तान. माझ्याकडे ही एकच होडी आहे," त्या म्हणाल्या. "आणि एक सांगा. माझ्या हातात वाकड्या पायांची पोरं आली, तिरक्या मानेची आली. तुमचा थोरला तर शंखासारखं डोकं घेऊन आला. एकाला तरी मी परत आत ढकललं का?"

रांग हसायची थांबली. थोरला तिथेच उभा होता, बापाची होडी धरून. चाळिशी उलटलेल्या त्या माणसानं नकळत टोपी खाली ओढली. सुरी मिटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

धाकटीनं कोपर ओढून, ताई, लोक बघतायत, असं सांगितलं. त्यासाठीच तर तळ्यावर आलोय, असं म्हणत ताई पाण्याशी गेल्या.

शिट्टी झाली. आडव्या वाऱ्यावर बाकीच्या होड्या शाळेतल्या पोरांसारख्या ओळीनं निघाल्या. बाईंचीही झोकात निघाली. शिडाच्या खिशातसुद्धा वारा भरला होता. अर्ध्या तळ्यावर मात्र तिनं नाक फिरवलं. कप्तानाच्या होडीसमोरून अशी आडवी गेली, की ती बिचारी वाट देण्यासाठी चक्क थांबली. तिघांनी पुढे तशी शपथ घेतली आणि त्यातला एक तर त्या दिवशी तळ्यावर आलाच नव्हता. मग शीड या कुशीवरून त्या कुशीवर पडलं आणि होडी परत फिरली.

एव्हाना सगळे आपापल्या होड्या धरायला वळसा घालून समोरच्या काठाकडे धावले होते. अलीकडे राहिल्या दोघी बहिणी आणि शिट्टी मारून तिथेच थांबलेला कप्तान. होडी संथपणे आली आणि सुईणबाईंच्या चपलेपाशी टेकली. बाईंनी ती उचलली, आतून बोट फिरवलं, बोट बघितलं. थेंबसुद्धा नव्हता.

कप्तानानं मिशी एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं सारखी केली. नियम तो नियम.

"पलीकडे पोचली नाही, सुईणबाई. बाद."

"पलीकडे कोण आहे माझं?" बाई म्हणाल्या, आणि होडीचं नाक पुन्हा पाण्याकडे केलं.