नाव खाली

“चालीस बच्चे, और एक का भी नाम नहीं?” प्रिन्सिपल मिसेस धालीवाल कॉम्प्युटरच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

सुनेत्रा त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. समोर तिची आठवी ‘ब’ एकेका मशीनवर दोघं-तिघं दाटीवाटीनं बसली होती. दाराबाहेर कॉम्प्युटरचे सर नरेशजी आपली लॅब परत मिळायची वाट बघत घिरट्या घालत होते. इतिहासाच्या बाईंना कॉम्प्युटर हवेत कशाला, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा सवाल. त्याचा निकाल आज लागायचा होता. प्रिन्सिपलना पटलं तर सोमवारचा तास सुनेत्राचा, नाहीतर बाईंना आपला खडू-फळा बरा.

विकी ही भानगडच तशी होती. इंटरनेटवरचं एक पान, वर्गातल्या कुणीही उघडावं, लिहावं, दुसऱ्याचं खोडून दुरुस्त करावं. सगळ्या वर्गाला मिळून एकच पासवर्ड. पान सुनेत्रानंच सुरू केलं होतं. चंदीगड बांधलं त्याआधी आपल्या शाळेच्या जागी काय होतं, घरी विचारा आणि लिहा, एवढंच तिनं वर टाकलं होतं. कुणी काय लिहिलं ते कळावं म्हणून शेवटी एक सूचनाही दिली होती.

ती सूचना तिनं आता पुन्हा वाचली, आणि हसावं की रडावं तेच तिला कळेना. ‘अपना नाम खाली लिखना.’ घ्या! हवाई दलातल्या नवऱ्याच्या बदल्यांमागे बाईंनी निम्मा उत्तर हिंदुस्तान पालथा घातला, पण घाईत जीभ वळायची ती साताऱ्याकडेच. तिला म्हणायचं होतं ‘नीचे’. पोरांनी वाचलं हिंदीतलं ‘खाली’, म्हणजे रिकामं. मॅडमनी नाव कोरं ठेवायला सांगितलं, गुणी बाळांनी ते कोरं ठेवलं.

“गलती मेरी है, मॅम,” ती म्हणाली, आणि झाला प्रकार तिनं सांगून टाकला.

मिसेस धालीवाल हसल्या नाहीत. “तो मार्क किसको देंगी आप? कहीं से कॉपी किया हो तो?”

“एकदा वाचून तर बघा,” सुनेत्रा हिंदीत कसंबसं म्हणाली, आणि त्यांच्या खांद्यावरून स्वतःही वाचू लागली.

शुक्रवारी तिनं पाहिलं तेव्हा तिथं दोन ओळी होत्या. सुट्टीच्या दोन दिवसांत, घरून आणि सायबर कॅफेतून, पोरांनी पान कुठल्या कुठे नेलं होतं. इथे विहीर होती, असं कुणीतरी लिहिलं होतं. त्यात दुसऱ्यानं ‘गोड्या पाण्याची’ घुसडलं होतं. तिसऱ्यानं ते खोडून केलं होतं, ‘एक नाही, दोन. दुसरी खारी, तिथं फक्त म्हशी प्यायच्या.’ कुणाच्या पणजोबांची आंधळी घोडी आली होती. ती एकटी घरी परत यायची, हे भलत्याच कुणीतरी पुढे जोडलं होतं. फाळणीनंतर आमची माणसं आली तेव्हा इथल्या शेतात तंबू होते, असं एकानं लिहिलं होतं. त्याला लागूनच उत्तर होतं, ‘ते शेत आमचं. आजी म्हणते, तुम्हाला रोज ताक पाठवायचो.’

सुनेत्राच्या अंगावर काटा आला. या शहराचं तिला इतकंच ठाऊक होतं, सरळसोट रस्ते आणि नंबर घातलेले सेक्टर. त्यांच्याखालून एक आख्खं गाव वर येत होतं. आणि ते कुणा एकाला आठवत नव्हतं. घराघरांत त्याचे तुकडे पडले होते, पोरांनी ते आणून एकमेकांना जोडले होते. एका बाकावर बसणाऱ्या दोघांना तरी कुठे माहीत होतं, की आपली आजोबा मंडळी एकाच विहिरीचं पाणी प्यायली. इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण असं काही तिनं कधी पाहिलं नव्हतं.

मिसेस धालीवालांनी पान शेवटपर्यंत वाचलं. मग त्यांनी की-बोर्ड जवळ ओढला आणि एका बोटानं अक्षरं शोधत एक ओळ लिहिली. ‘कुएँ पर नीम था. उसके नीचे मेरी दादी चरखा लेकर बैठती थी.’

सुनेत्रा बघतच राहिली. “मॅम, आप यहाँ की...?”

“छोटी थी. फिर गाँव उठ गया.”

“नाम?” सुनेत्रानं विचारलं.

“आपने ही तो लिखा है. खाली.”

तास संपल्याची घंटा झाली. नरेशजींनी दारातून डोकं आत घातलं. “मॅम, मेरा पीरियड...”

“आज आप ऊपर पढ़ा लीजिए, नरेशजी. ये बच्चे यहीं बैठेंगे. अगले सोमवार भी.”

वर्गात कुठंतरी की-बोर्ड खडखडला. सुनेत्रानं पान पुन्हा उघडलं, तर मॅमच्या ओळीतला ‘नीम’ गेला होता. त्या जागी कुणीतरी लिहिलं होतं, ‘शहतूत’. म्हणजे आपलं तुतीचं झाड, फळं खाल्ली की बोटं जांभळी करणारं. सुनेत्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कार्टी प्रिन्सिपलचीच चूक काढत होती.

“मैं ठीक कर देती हूँ, मॅम.”

“रहने दीजिए.” मिसेस धालीवालांनी तिचा हात धरला. तो शब्द त्यांनी पुन्हा वाचला. मग अगदी हळू म्हणाल्या, “शहतूत ही था.”

त्यांनी उजवा हात पडद्याच्या उजेडात धरला, आणि जांभळा डाग अजून कुठे राहिलाय का, ते बोटं उलटसुलट करून पाहू लागल्या.