हिरवे चौकोन

"मोळे, तुमच्या सगळ्या खुर्च्यांचं नाव एकच आहे," फोनवरचा म्हातारा आवाज म्हणाला. केरळात धाकट्या मुलीला मायेने 'मोळे', म्हणजे 'मुली', म्हणतात; आवाजात तक्रार नव्हती. मुलीच्या वहीतली चूक दाखवावी तसा तो बोलत होता.

जिस्मीने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. संगीतसभेच्या तिकिटांचं पान नुकतंच सुरू झालं होतं. तिने एकटीने केलेलं, लोकांनी प्रत्यक्ष वापरलेलं हे तिचं पहिलं पान. पूर्वी तिथे रिकाम्या खुर्च्यांची नुसती यादी असायची. आता आख्खं सभागृह दिसत होतं: वर रंगमंच, खाली रांगा, खुर्च्यांच्या जागी छोटे चौकोन. हिरवा म्हणजे रिकामी, लाल म्हणजे गेलेली. सभेच्या सेक्रेटरींनी सकाळीच फोन करून कौतुक केलं होतं. तिला नोकरीत कायम करायचं की नाही, ते आज संध्याकाळी ठरणार होतं.

"एकच नाव म्हणजे काय, सर?"

"सर नको, माष् म्हण. शंकुण्णी माष्. शाळेत गाणं शिकवायचो. मला दिसत नाही, मोबाइल मला वाचून दाखवतो. ऐक."

रिसीव्हर कुठेतरी टेकवल्याचा खरखराट झाला. मग यंत्रातल्या बाईचा सपाट आवाज आला. "बटण. बटण. बटण. बटण."

जिस्मीच्या लक्षात आलं. प्रत्येक चौकोनात तिने रंग भरला होता आणि रंगाशिवाय दुसरं काहीच ठेवलं नव्हतं.

"मी काढून देते ना तुमचं तिकीट. कुठली खुर्ची हवी?"

"तिसरी रांग, दुसरी खुर्ची. मृदंगाच्या बाजूची. पण तू कशाला काढशील? सुनेला सांगितलं असतं तर तिनेही काढलं असतं. दरवर्षी माझं मी काढतो. यंदा आमच्यासारख्यांनी येऊच नये असं ठरलं असेल, तर तसं सांग. घरी रेडिओ आहे."

"फोन ठेवू नका, माष्. थोडा वेळ द्या मला."

पलीकडच्या टेबलावर कंपनीचा मालक दिनिलेट्टन चहाबरोबर केळ्याची भजी खात होता. वयाने मोठा म्हणून सगळे त्याला एट्टन, म्हणजे दादा, म्हणत. जिस्मीने त्याला सांगितलं.

"एक खुर्ची ना? काढून दे आणि मोकळी हो."

"त्यांना स्वतः काढायचीय."

"मग पुढच्या आठवड्यात दुरुस्त कर."

"तोवर सभागृह भरेल, एट्टा."

"अगं, विक्री चालू असताना पानाला हात लावायचा नाही, हे तुला पहिल्या दिवशी सांगितलंय. एक खुर्ची दोघांना गेली तर सेक्रेटरी माझी मान धरेल आणि मी तुझी."

"चौकोनांना नावं तेवढी द्यायचीत. विक्रीच्या भागाला धक्का लागणार नाही."

"असं सगळेच म्हणतात. मीही म्हणायचो."

जिस्मी जागेवर आली. चालू पानाला तिने हात लावला नाही. आपल्या संगणकावरच्या प्रतीत तिने प्रत्येक चौकोनामागे रांग आणि खुर्ची लिहिली. मग पडदा बंद केला, कानाला हेडफोन लावला आणि नुसत्या कळा दाबत पुढे सरकू लागली. तिसरी रांग, पहिली खुर्ची. तिसरी रांग, दुसरी खुर्ची. ती थांबली. यातली गेलेली कुठली आणि रिकामी कुठली? तेही रंगातच राहून गेलं होतं. तिने पडदा सुरू केला, तेवढं लिहिलं आणि पुन्हा बंद केला. अंदाजाने एक खुर्ची घेतली. तीच पुन्हा घ्यायला गेली, तर यंत्राने नाही म्हटलं.

दिनिलेट्टन मागे येऊन उभा होता. "पडदा सुरू कर. काय करतेयस ते दिसू दे."

"बघून नाही कळायचं, एट्टा. ऐका."

त्याने तेलकट बोटं पँटला पुसली आणि हेडफोन घेतला. काळ्या पडद्यासमोर बराच वेळ तो वाकून उभा राहिला. मध्येच त्याने स्वतः दोन-तीन कळा दाबल्या, चुकीच्या रांगेत गेला, परत आला.

"चढव," तो म्हणाला. "बिघडलं तर सेक्रेटरीचा फोन तू घ्यायचास. मग संध्याकाळी आपल्याला बोलायला काही उरणार नाही."

जिस्मीने पान चढवलं आणि रिसीव्हर उचलला. "माष्, पान एकदा बंद करून पुन्हा उघडा."

पलीकडे यंत्र बोलू लागलं. "तिसरी रांग, पहिली खुर्ची, गेलेली. तिसरी रांग, दुसरी खुर्ची, रिकामी."

थोड्या वेळाने तिच्यासमोरचा एक हिरवा चौकोन लाल झाला.

दिनिलेट्टनने विकलेल्या सगळ्या खुर्च्या तपासल्या. एकही दोनदा गेली नव्हती. उरलेलं भजं त्याने तिच्या टेबलावर ठेवलं आणि आपल्या जागेवर गेला.

"मिळाली ना, माष्?"

"मिळाली."

पण फोन बंद झाला नाही. यंत्रातली बाई पुढे वाचतच होती. चौथी रांग. पाचवी रांग, गेलेली, गेलेली, रिकामी. सहावी. पुन्हा चौथी, आता तिथलीही एक गेलेली.

"माष्, तुमचं काम झालंय."

"ठाऊक आहे, मोळे. आधीच्या यादीत उरलेल्या जागाच ऐकू यायच्या." माष् हलक्या आवाजात बोलत होते, जणू शेजारी कुणी बसलेलं असावं. "इतकी वर्षं जातोय, पण हॉल भरताना कधी पाहिला नव्हता. ठेवू नकोस इतक्यात."