शेवटचा मासा

खाण बंद पडली होती आणि तिथल्या टेकड्यांवर आता रोपं लावली जात होती. पण खाणीच्या पोटातलं तांबूस पाणी अजून नदीत येतच होतं. त्या पाण्यात किती विष चालेल, हे ठरवायला सुनावणी ठेवली होती. म्हातारा मासेमार धुतलेला सदरा घालून लेकीबरोबर गेला. इतकी वर्षं गिळलेलं आज बोलून टाकायचं, असं त्याने ठरवलं होतं.

खाणवाल्यांच्या वकिलाने अगदी अदबीने विचारलं, "बाबा, या नदीत शेवटचा मासा कधी धरलात?"

"खाण सुरू झाली त्याच्या आदल्या वर्षी," म्हातारा म्हणाला. "पुढे तुमच्या पाण्याने सगळे मेले. आता जाळं टाकलं की नुसता गाळ येतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. वकील मात्र शांतपणे सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे वळला.

"साहेब, कडक मर्यादा असते ती मासे जगवण्यासाठी. नदीत मासेच उरले नाहीत, हे बाबांनीच सांगितलं. मग आम्हाला सैल मर्यादा द्यायला काय हरकत आहे?"

अधिकाऱ्याने नियम पुन्हा वाचला. म्हाताऱ्याकडे न बघताच तो म्हणाला, "नियमात बसतंय."

परतताना लेक म्हणाली, "बाबा, जन्मभर बोटभर माशाचा हातभर करून सांगत आलात. आज एखादा मासा खोटा सांगायला काय झालं होतं?"