निळी केबल

"पॉइंट पाच," रुइलाननं फोनमध्ये सांगितलं.

साडेतीनशे मीटर खाली मुकादम थाननं फोन उचलला होता. "काय वहिनी, डुलकी लागली का? आठ महिन्यांत तुमचा आकडा पॉइंट दोनच्या वर गेलाय कधी?"

"आज गेलाय. डोळ्यांदेखत चढतोय, थानदादा."

"एक झाला की सांगा. तोवर आमच्या पोटावर पाय देऊ नका." मागे कुणीतरी खिदळलं.

रुइलाननं फोन ठेवला. खाली बाराजण होते आणि त्यातला एक तिचा नवरा, देशुन, खाणीचा वायरमन. तिच्या टेबलावरच्या यंत्रात लाल आकडा दिसे. बोगद्यात गॅस किती साठलाय ते त्यावरून ठरवायचं. एक टक्का झाला की सगळ्यांनी काम टाकून वर यायचं. दर अर्ध्या तासाला ती आकडा खाली कळवायची, आणि तिनं कळवल्याशिवाय सुरुंग उडत नसे. चीनमधल्या शान्शी प्रांतातल्या त्या डोंगरात लोक गमतीनं म्हणत, वहिनी बोलल्या की कोळसा हलतो.

हा आकडा सुतासारखा सरळ केला तो देशुननंच. आधी काय ताप होता! खाली बोगद्यात बसवलेल्या गॅसमापकाची निळी केबल वर येताना पंख्याच्या मोटरच्या जाड केबलला चिकटून नेलेली, सांधे ओलीनं कुजलेले. मोटर सुरू झाली की आकडा नाचायचा, भोंगा बोंबलायचा, माणसं धापा टाकत वर यायची. मालक आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. निळी केबल नवी घ्या, जाड केबलपासून दूर, वेगळ्या भिंतीनं न्या, असं देशुन वर्षभर कंठशोष करत राहिला. मालक म्हणाला, भोंगा बंद झाला पाहिजे, कसा ते तुझं तू बघ.

मग आठ महिन्यांपूर्वी देशुन तीन दिवस घरी आला नाही. चौथ्या दिवशी तिच्या बाकाखाली एक लाकडी पेटी ठोकलेली होती, कडेला भोकं पाडलेली. यंत्रातून निघालेली निळी केबल त्या पेटीत शिरत होती. "आत सांधा आहे. भोकं बुजवू नकोस, त्याला हवा लागते," एवढंच तो म्हणाला. त्या दिवसापासून आकडा गरीब गाय झाला. रुइलान पेटीवर पाय ठेवून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नवऱ्याचं कौतुक सांगायची.

आणि आज हे असं. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. तिनं खोली झाडली, शेगडीचा सिलिंडर ओढून बाकालगत केला, शेगडीवर आल्याचं सूप केलं, शेवया खाल्ल्या. सर्दीनं नाक असं चोंदलेलं की व्हिनेगरचासुद्धा वास येईना. शान्शीत व्हिनेगरशिवाय घास उतरत नाही; तिथल्या बाईला व्हिनेगरचा वास येईना म्हणजे ती मेल्यातच जमा! थंडी आत येऊ नये म्हणून तिनं दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि वळून पाहिलं तर आकडा पॉइंट चार.

आता पॉइंट सात. तिनं पुन्हा फोन फिरवला. या वेळी देशुननं उचलला.

"पॉइंट सात झालाय. देशुन, वर ये. हात जोडते तुझ्यापुढं."

"अगं, काही नसतं ते..." तो बोलता बोलता थांबला. "रुइलान, शेगडी चालू आहे?"

"आत्ता शेगडी सुचतेय तुला? बंद आहे."

"मग पेटवू नकोस. आहे तशी ऊठ, दार सताड उघड आणि बाहेर जा."

"डोकं फिरलं का तुझं? मी हलले तर तुम्हाला आकडा कोण सांगणार?"

"तुला माझी शपथ आहे. बाहेर जा!"

"आणि तू? तू का येत नाहीस?"

त्याच्या शेजारी थानचा खोकला ऐकू येत होता.

गॅस डोक्यात गेला की माणूस असंच बरळतो, हे तिनं ऐकलं होतं. तिला हुंदका फुटला. समोरचा आकडा पॉइंट नऊ झाला आणि मग एक.

"एक!" ती किंचाळली. "थानदादा, एक झाला!"

या वेळी कुणी हसलं नाही. "सगळे वर! हत्यारं टाका!" थानचा आवाज आला आणि फोन लटकत राहिला.

खाणीतून माणसं वर आणणाऱ्या पाळण्यात सहाजण मावत. पहिली खेप वर आली तेव्हा रुइलान काचेला नाक लावून उभी होती. सगळ्यांत पुढं देशुन. साठीच्या म्हाताऱ्याला ढकलून तो पाळण्यात शिरला होता, आणि आता बर्फातून पळत सुटला होता.

"पळपुट्या!" मागून बाकीचे ओरडले. "म्हातारा खाली आणि तू वर? थू तुझ्यावर!"

म्हणू देत. तिला कसलीच लाज वाटली नाही. जिवंत होता ना! गारठला असेल, सकाळपासून उपाशी असेल. डोळे पुसत ती शेगडीकडे वळली, सुपाचं पातेलं नीट ठेवलं आणि काडेपेटी उघडून काडी काढली.

दार धाडकन उघडलं. देशुननं तिच्या हातावर असा फटका मारला की काड्या खोलीभर उधळल्या. दंडाला धरून त्यानं तिला फरपटत बाहेर नेलं, पार बर्फात.

"मारतोस मला?" ती त्याच्या छातीवर बुक्क्या मारत रडत होती. "तुझ्यासाठी जीव टांगणीला लागला होता माझा!"

त्यानं तिचा दंड सोडला नाही.

दुसरी खेप आली. बाराच्या बारा वर! मालकाला फोन करायला थान खोलीकडे गेला आणि उंबऱ्यातच थबकला. "अरे, इथं तर गॅसचा वास मारतोय." नाक दाबून तो आत शिरला, नळीतून फुसफुसणारा सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली आणि बाहेर आला.

वारा आरपार वाहू लागला. दाराशी घोळका जमला. टेबलावर आकडा एक पॉइंट तीन होता. बघता बघता तो पॉइंट नऊ झाला. मग पॉइंट पाच. मग पॉइंट दोन.

"हे कसं काय?" म्हातारा पुटपुटला.

थाननं देशुनकडं पाहिलं. देशुन खाली बर्फाकडं बघत होता. थान आत गेला, बाक बाजूला ओढला, यंत्रापासून निळी केबल बोटानं चाचपत खाली वाकला आणि पेटीचं झाकण उपटलं.

आत सांधा नव्हता. बोगद्यातला तो जाळीच्या तोंडाचा गॅसमापक होता, आणि निळी केबल तिथंच संपत होती.