पहिल्या पानावरचं वाक्य

कॅन्सर विभागाचे प्रमुख तणतणत कॉलेजच्या ग्रंथालयात शिरले आणि ग्रंथालयाच्या वार्तापत्राचा ताजा अंक त्यांनी टेबलावर आपटला.

"माझा लेख सगळ्यांना वाचायला खुला कुणी केला? सकाळपासून पेशंटचे नातेवाईक प्रिंट काढून माझ्या दारात उभे आहेत."

"नवा नियम आहे, सर," ग्रंथपालबाई मान वर न करता म्हणाल्या.

"आणि 'साठीपुढच्या रुग्णांना केमोच्या तिसऱ्या डोसनंतर फायदा नाही, हाल मात्र वाढतात' हे पहिल्या पानावर ठळक छापायचं, हाही नियमच का?"

"वाक्य तुमचंच आहे."

"ते डॉक्टरांसाठी लिहिलंय. लोकांना त्यातलं काय डोंबल कळतं?"

"मलाही कळलं नव्हतं. माझ्या आईला पाचवा डोस द्यायच्या आधी मी विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, यावर अजून संशोधन व्हायचंय. तुमचा लेख ज्या जर्नलमध्ये आला, ते तेव्हा आपल्याकडे येत नव्हतं. मी तुमच्या शब्दावर सही केली." बाईंनी अंक त्यांच्याकडे वळवला. "लेखाखालची तारीख बघा. मी सही केली त्याच्या आधीच्या वर्षाची आहे."

साहेबांनी चष्मा सावरला, पण ते वाकले नाहीत. तारीख त्यांना पाठ होती.