रिकाम्या खुर्चीचा अभ्यास

“सिस्टर, शिष्यवृत्ती मिळाली! चार वर्षं बेल्जियम, पीएचडी!” आमच्या आरोग्य केंद्राच्या एकुलत्या एका डॉक्टरांनी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. संशोधनाचा विषयही केवढा कळवळ्याचा: ‘दुर्गम भागात डॉक्टर का टिकत नाहीत?’

आम्ही शाल-नारळ देऊन कौतुक केलं. तेव्हापासून त्यांच्या खुर्चीत लसींचे रिकामे खोके बसतात. बाळंतपणात बाई अडली, की “डॉक्टर आपल्यासाठीच शिकतायत हो,” म्हणत मी तिला जीपमध्ये घालून चाळीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात पाठवते. त्यातल्या दोघी वाटेतच बाळंत झाल्या.

परवा डॉक्टरांची प्रश्नावली आली. वर ‘आपलं मत अमूल्य आहे’ असं छापलेलं. पहिलाच प्रश्न होता: ‘तुमच्या केंद्रातले डॉक्टर का सोडून गेले?’

मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘हेच शोधायला.’